झेड/२८ मूळची की बनवलेली? इंजिनचा ब्लॉक वागळे इस्टेटच्या मशीन शॉपला पाठवण्याआधी वाचा

१९६९ च्या शेवरले कॅमेरो या अमेरिकन गाडीवर झेड/२८ (तिचं शर्यतीसाठीचं पॅकेज) चा बिल्ला आहे, बॉनेटवर दोन जाड पट्टे आहेत, मागे स्पॉइलर आहे. यातून एवढंच कळतं की कुणीतरी त्यावर पैसे खर्च केलेत. बिल्ला, पट्टे, स्पॉइलर, अख्खं बॉनेटसुद्धा आज नवं तयार मिळतं आणि मापात बसतं. शेवरलेने त्या वर्षी २०,३०२ झेड/२८ बनवल्या. साध्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) कॅमेरोपासून पुढे बनवलेल्या वेगळ्याच. बनवलेली गाडी वाईट नसते, चालवायला ती तितकाच आनंद देते. तिला मूळची म्हणून विकलं की ती फसवणूक होते.

सुरुवात व्हिन नंबरापासून (गाडीच्या ओळख क्रमांकापासून) करायची, पण त्यावर थांबायचं नाही. १९६९ चा व्हिन तेरा अक्षरांचा असतो आणि समोरच्या काचेतून डॅशवर वाचता येतो. १२४३७९एन आणि पुढे सहा आकडे: १ म्हणजे शेवरले, २४ म्हणजे व्ही-८ कॅमेरो, ३७ म्हणजे कूपे (बंद छताची), ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉरवुड, ओहायो. एनऐवजी एल असेल तर गाडी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसची. यात झेड/२८ कुठेच लिहिलेलं नसतं, कारण झेड/२८ हे मॉडेल नव्हतं, कारखान्यात मागवायचं पॅकेज होतं. त्यामुळे व्हिनवरून गाडी झेड/२८ आहे हे सिद्ध होत नाही, फक्त नाही हे सिद्ध होऊ शकतं. सुरुवात १२३ ने असेल तर गाडी सहा सिलिंडरची निघाली होती. ३७ च्या जागी ६७ असेल तर ती कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छताची), आणि त्या वर्षी झेड/२८ फक्त कूपेवर मिळत होती. दोन्ही ठिकाणी विषय संपला.

पॅकेजच्या अटीही कडक होत्या. इंजिन ३०२ घनइंचांचं, कारण ट्रान्स-ॲम शर्यतीची मर्यादा ३०५ घनइंच होती. चार इंचांचा बोअर (सिलिंडरचा व्यास), तीन इंचांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव), कागदावर २९० हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स चार गिअरचा मॅन्युअलच, पुढे पॉवर डिस्क ब्रेक, मागे बारा बोल्टचा ॲक्सल, मागचे पाटेही (लीफ स्प्रिंग) अनेक पानांचे. एसी नाही, ऑटोमॅटिक नाही. म्हणून गाडी जॅकवर घेऊन आधी मागून बघा. डिफरन्शियलच्या झाकणाला दहाच बोल्ट असतील किंवा पाटा एकाच पानाचा असेल, तर विक्रेत्याकडे त्याचं पटेल असं उत्तर हवं. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर) एसीसाठी कारखान्यातच पाडलेलं भोक दिसलं, तरी तेच.

फायरवॉलवर इंजिनच्या बाजूने दोन रिव्हेटांवर ठोकलेला ट्रिम टॅग, म्हणजे धातूची छोटी पाटी, असतो. त्यावर बॉडीचा आठवडा, रंग आणि आतल्या कापडाचा कोड मिळतो. ०२सी म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा, ७११ म्हणजे काळं साधं इंटिरिअर, ७२ म्हणजे हगर ऑरेंज रंग. नॉरवुडने डिसेंबर १९६८ पासून या टॅगवर एक्स कोडही छापायला घेतले. एक्स७७ किंवा एक्स३३ असेल तर गाडी झेड/२८ म्हणून निघाली. त्याआधीच्या नॉरवुडच्या आणि व्हॅन नाइसच्या सगळ्या गाड्यांवर एक्स कोड नाही, म्हणून तो नसण्यावरून काही ठरवू नका. आणि नवे टॅगही बनवून मिळतात, तेव्हा रिव्हेट आणि त्यांच्याभोवतीचा रंग भिंगातून बघा.

खरा पुरावा ब्लॉकवर असतो. उजव्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढे, ब्लॉकच्या माथ्याच्याच पातळीत, एक छोटी सपाट पट्टी असते. उजवी म्हणजे गाडीत बसल्यावरची. अमेरिकेत ती पॅसेंजरची बाजू, आपल्या सवयीने ड्रायव्हरची, त्यामुळे फोनवर फोटो मागवताना हमखास घोळ होतो. पट्टीवर व्ही०२०५डीझेड असं काहीतरी वाचायला मिळतं: व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०२०५ म्हणजे ५ फेब्रुवारी, डीझेड म्हणजे १९६९ चं ३०२. शेजारी १९एन आणि गाडीच्या व्हिनचे शेवटचे सहा आकडे. काही ब्लॉकवर हा दुसरा नंबर ऑइल फिल्टरजवळच्या खरबरीत भागावर असतो.

तिसरी तारीख ब्लॉकच्या मागे, बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्स जोडतात त्या भागाच्या) कडेला, ओतकामातच उठलेली. ए २० ९ म्हणजे २० जानेवारी १९६९. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं पुढे. आता तिन्ही तारखा ओळीने लावा. २० जानेवारीला ब्लॉक ओतला, ५ फेब्रुवारीला इंजिन जुळलं, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बॉडी. हे जुळतं. ओतकाम बी २० ९ आणि जुळणी ०२०५ असेल तर ब्लॉक ओतायच्या आधीच इंजिन तयार झालं असा अर्थ होतो, म्हणजे पट्टीवरचा नंबर नंतर ठोकलाय. नुसत्या कास्टिंग नंबरवर (ओतकामात उठलेल्या नंबरवर) तर मुळीच जाऊ नका. ३९७००१० हा ब्लॉक ३०२ ला आला, पण पुढे कितीतरी साध्या ३५० इंजिनांनाही तोच होता.

पट्टीचा पृष्ठभाग अक्षरांइतकाच बोलतो. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंगने (दातेरी हत्यार एका सरळ रेषेत ओढून) कापत, म्हणून पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक, सरळ, समांतर रेघा राहतात. टॉर्च जवळजवळ आडवी धरून फोटो काढला की त्या दिसतात. रेघा गोलाकार असतील किंवा पट्टी गुळगुळीत असेल, तर माथा नंतर कापला गेलाय. इंजिनचा नंबर आणि गाडीचा नंबर वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या हत्यारांनी ठोकले जात. दोन्हींची अक्षरं एकाच साच्यातली, एकाच खोलीची दिसली तर सावध व्हा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि तेही चांगल्या हेतूने. हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट उडालं की ब्लॉक वागळे इस्टेट नाहीतर रबाळ्याच्या मशीन शॉपमध्ये जातो. कारागीर हुशार असतो, काम चोख करतो, आणि ब्लॉक फेसिंगच्या (माथा कापून सपाट करण्याच्या) एका फेऱ्यात रेघा आणि नंबर दोन्ही साफ करून देतो, कारण पट्टी त्याच पातळीत असते. हेड फेसिंगने काही बिघडत नाही. बोअरिंग करून ३० थाऊचा (०.०३० इंच) ओव्हरसाइज पिस्टन टाकला तरी नंबराला धक्का लागत नाही. ब्लॉकचा माथा मात्र आधी सरळ फूटपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजायला सांगा. वाक ०.१ मिमीच्या आत असेल तर कापू नका, चांगलं कॉम्पोझिट गॅस्केट वापरा. कापणं भागच असेल तर कटर पट्टीच्या अलीकडे, पण गॅस्केटच्या कडेच्या पुढे गेल्यावर, थांबवायला सांगा. पट्टी थोडी उंच राहिली तरी हेडला अडत नाही. हे तोंडी सांगून भागत नाही. पट्टीवर टेप लावा, वर मार्करने 'कापू नये' लिहा आणि जॉब कार्डावरही तेच लिहून घ्या.

पुसट झालेला नंबर 'पंच करून देतो' म्हणणारे भेटतील. करू देऊ नका. पुसट पण मूळ नंबर तज्ज्ञाला वाचता येतो, ठळक पण नवा नंबर गाडीवरचा विश्वास कायमचा घालवतो. पट्टी साफ करायला रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश पुरे, पॉलिश पेपर नको. ठाण्याची खाडी असो की नवी मुंबई, पावसाळ्यात उघडं ओतीव लोखंड रातोरात तांबूस होतं, म्हणून साफ केल्यावर लगेच ग्रीसचा पातळ हात फिरवा.

कागदाचीही तीच गत. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत बिल्ड शीट (कारखान्यात गाडी जुळवताना वापरलेला कागद) पेट्रोलच्या टाकीच्या वर अडकलेला सापडतो. क्रायस्लरच्या गाड्यांत तो सीटच्या स्प्रिंगांत किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. कुशनवाला जुना काथ्या काढून कचऱ्यात टाकतो, त्यातच तो जातो. सीट तुमच्यासमोर उघडायला लावा. मिळालेला कागद लॅमिनेट करू नका, उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही जातात. ॲसिडविरहित प्लॅस्टिकच्या पाकिटात, सिलिका जेलसोबत ठेवा.

इतर कंपन्यांचं काम तुलनेने सोपं. फोर्डच्या व्हिनमधलं पाचवं अक्षर इंजिनचं: १९६९ च्या मस्टँगला झेड म्हणजे बॉस ४२९, जी म्हणजे बॉस ३०२. शिवाय १९६७ पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट पैसे भरून मिळतो, त्यात कारखान्याने बसवलेल्या पर्यायांची यादीच असते. पाँटिॲक जीटीओचा व्हिन १९६६ ते १९७१ मध्ये २४२ ने सुरू होतो, पण 'द जज' हे जीटीओचं पॅकेज व्हिनवरून कळत नाही. त्यासाठी पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून बिलाची नक्कल मागवावी. क्रायस्लरचंही पाचवं अक्षर बघा: १९७० ला आर म्हणजे ४२६ हेमी, व्ही म्हणजे तीन कार्ब्युरेटरचं ४४०. डाव्या आतल्या फेंडरवरचा टॅग खालच्या ओळीपासून वर वाचायचा, त्यात ई७४ म्हणजे हेमी. क्रायस्लरच्याच १९७१ च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबलला २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलर मिळाले, तेव्हा खोटा टॅग ठोकायची हिंमत कुठून येते ते वेगळं सांगायला नको.

हा सगळा खटाटोप आपल्या आरटीओच्या कागदांतही कामी येतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नवी नोंदणी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अट अशी की चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार नको. रोजच्या वापरासाठी ही नोंदणी चालत नाही. अर्ज भरण्याआधी पट्टी, ट्रिम टॅग, डॅशवरचा व्हिन आणि गिअरबॉक्सवरचा नंबर यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप त्यालाच जोडा, आणि कागदावरचं प्रत्येक अक्षर गाडीवरच्या अक्षराशी ताडून पाहा. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांची अदलाबदल सर्वाधिक होते, आणि एकदा नोंदणीत चढलेली चूक दुरुस्त करायला फार फेऱ्या माराव्या लागतात.