एका रात्रीपुरता मोकळा स्टॉपर

माझ्या कार्डावर आमच्या फुटबॉल क्लबाचा ‘टीम मॅनेजर’ असं छापलेलं आहे. प्रत्यक्षात मी बिब्स मोजतो, बर्फाच्या पिशव्या आणतो, रेफ्रींच्या चहाचं बघतो आणि खेळाडूंचे कागद सांभाळतो. कागदांचं काम नीट झालं तर कुणाला दिसत नाही. चुकलं तर अख्ख्या गोव्याला दिसतं.

ही गोष्ट एका 31 मेची. आमच्या क्लबातल्या बहुतेक मुलांचे करार त्या तारखेला संपतात. त्या वर्षी एक सोडून सगळे कागद आठवडाभर आधीच हातावेगळे झाले होते. राहिला होता आमचा स्टॉपर, म्हणजे गोलसमोर बचाव करणारा. वय वीस, गाव सत्तरीतलं, वाळपईच्या पुढे.

त्याचा करार वाढवावा की नाही, यावरून मीटिंगमध्ये दोन तट पडले होते. गेल्या ऑगस्टात धुळेरच्या मैदानावर, जवळपास कुणी नसताना, नुसता वळताना त्याचा गुडघा गेला होता. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध, तुटला होता. सप्टेंबरात ऑपरेशन झालं. म्हणजे मोसमभरात त्याने आमच्यासाठी खेळलेले सामने एका हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. आमचे अध्यक्ष तोंडाने फटकळ, मनाने वाईट नव्हेत. ते म्हणाले, “स्टॉपर काय, पन्नास मिळतात. गोल मारणारा आण.” कोच आणि मी मात्र हटलो नाही. गोल मारणारा सगळ्यांना दिसतो. हा मुलगा मैदानात असला की समोरच्या फॉरवर्डला दिवसभर काही सुचत नाही, आणि सामना संपल्यावर लोक म्हणतात की फॉरवर्डचा आज फॉर्म नव्हता. महेश गवळी आणि समीर नाईक गोव्याच्या डेंपो क्लबच्या बचावात होते तेव्हा डेंपोने आय-लीग जिंकली ती अशाच न दिसणाऱ्या कामावर, असं माझं ठाम मत आहे. असो. शेवटी दोन वर्षांच्या करारावर एकमत झालं.

घाई आणखी एका कारणाने होती. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबशी बोलायची मोकळीक असते, तसा फिफाचा नियमच आहे. बाहेरच्या एका क्लबचा एजंट त्याला मार्चपासून फोन करत होता, हे मला दुसऱ्या एका मुलाकडून कळलं होतं.

सकाळी अध्यक्षांचा फोन आला.

“आज सही घेऊन ये. मेडिकल नंतर करू. ‘मेडिकलमध्ये पास झाल्यास’ अशी एक ओळ घालून टाक.”

“ती ओळ चालत नाही. करार मेडिकलवर अवलंबून ठेवता येत नाही. आधी मेडिकल, मग सही.”

“कुणी सांगितलं?”

“फिफाने.”

“फिफा सत्तरीत येणार आहे काय?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

डिचोलीहून निघालो तेव्हा आभाळ भरलं होतं. मिरगाला आठवडा होता, पण साखळी सोडली आणि पाऊस सुरू झाला. होंड्याला थांबून फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. फाईलमध्ये कराराच्या तीन प्रती होत्या, पानापानावर सहीसाठी पेन्सिलीची फुली केलेल्या. अध्यक्षांची ती ओळ मी टाईप केली नव्हती.

त्याच्या घरासमोर एक ट्रक उभा होता. म्हणजे कधीकाळी ट्रक होता. केबिनवर वेल चढली होती आणि हौद्यात कोंबड्या होत्या. आमच्या डिचोली-सत्तरीत असे ट्रक नवीन नाहीत. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या आणि 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. पिसुर्ल्याहून जेटीवर खनिज नेणारे कितीतरी ट्रक तेव्हापासून अंगणात उभे राहिले ते राहिलेच.

वयनी, म्हणजे त्याची आई, बाहेर आल्या. मुलगा घरी नव्हता. “मळ्यात गेला असणार,” एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता चहा ठेवायला आत गेल्या. मला तिथेच कळायला हवं होतं.

मळ्यात आंतरवाडा स्पर्धा चालू होती. कापणीनंतरचं शेत, पोफळीच्या खांबांचे गोल, सुतळी बांधून केलेली सीमारेषा, बांधावर छत्र्या घेतलेली शेदीडशे माणसं. माईकवर एक जण खेळाडूंची टोपणनावं घेत होता. आणि पावसाने निसरड्या झालेल्या त्या शेतात, अनवाणी, आमचा स्टॉपर.

ऑपरेशनला अजून नऊ महिने पुरे व्हायचे होते. सर्जनने त्याआधी सामना खेळायचा नाही असं बजावलं होतं. शिवाय करारात स्वच्छ लिहिलेलं असतं की क्लबच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर खेळायचं नाही, आणि करार रात्री बारापर्यंत चालू होता. मी बांधावर उभा राहून ओरडलो. पावसात आणि त्या माईकपुढे माझा आवाज कुठे पोचणार? पंचाला जाऊन सांगावं म्हणून चप्पल काढली, तेवढ्यात समोरच्या वाड्याचा एक आडदांड गडी चेंडू घेऊन त्याच्या अंगावर आला.

आणि मी तसाच चप्पल हातात धरून थांबलो.

त्याने टॅकल केलंच नाही. तो मागे मागे सरकत गेला, शरीर थोडं तिरकं ठेवून, त्या गड्याला गोलपासून दूर चिखलाच्या बाजूला न्यायला लागला. गड्याने खांदा पाडून हूल दिली. हा हलला नाही. दुसरी हूल. मग गड्याचा एक टप्पा किंचित लांब पडला आणि याने ऑपरेशन झालेल्या पायावर जोर देऊन वळून चेंडू काढून घेतला. डावा पाय. मी चेंडूकडे बघतच नव्हतो, त्या गुडघ्याकडे बघत होतो. वळताना मी डोळे मिटले असणार, कारण पुढचं मला दिसलं ते थेट चेंडू उजव्या बाजूला पोचलेला आणि हा हात वर करून आपल्या पोरांना पुढे व्हायला सांगणारा.

बांधावर कुणी टाळी वाजवली नाही. गोल थोडाच झाला होता.

हाफटाइमला तो मला बघून पांढराफटक पडला. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, “सर, तुम्ही दोन वर्षांचा कागद घेऊन येणार हे मला ठाऊक होतं. जिममध्ये गुडघा ठीक वाटतो. पण अंगावर माणूस आला की मी पाय मागे घेतो काय, हे मला कळत नव्हतं. सही करून मग कळलं असतं तर तुम्हाला फसवल्यासारखं झालं असतं.”

“आणि मोडला असता तर?”

“तर सही केली नसती.”

यावर काय बोलणार! एवढंच म्हटलं, “सेकंड हाफ खेळायचा नाही.” तो खेळला नाही. त्याचा वाडा हरला, आणि स्पर्धेच्या आयोजकांनी माझ्याकडे जे काही बघितलं ते मी विसरलेलो नाही.

घरी आलो तर वीज गेलेली. भाऊ, म्हणजे त्याचे वडील, काजूच्या बागेतून परतले होते. कॅरमबोर्ड पालथा घालून त्याचं टेबल केलं, मोबाईलची बॅटरी लावली. भाऊंनी प्रत पुढे ओढली. इंग्रजी त्यांना येत नाही. तरी प्रत्येक पानावर बोट ठेवून “हे काय?” असं विचारत गेले, आणि मी मराठीत सांगत गेलो. पगाराचं पान त्यांनी भराभर उलटलं. थांबले ते दुखापतीच्या कलमावर. तिथे मोघम लिहिलेलं होतं: क्लब योग्य ते वैद्यकीय साहाय्य देईल.

“योग्य ते म्हणजे किती?”

मला उत्तर नव्हतं. सप्टेंबरातल्या ऑपरेशनचा अर्धा खर्च क्लबने केला होता. अर्धा भाऊंनी सोसायटीकडून काढला. राहिलेलं बघू, असं आमच्याकडून सांगितलं गेलं होतं, आणि ते बघायचं राहून गेलं होतं. सांगणाऱ्यांत मीही होतो.

“मॅनेजरबाब,” भाऊ शांतपणे म्हणाले, “2010 ला कर्ज काढून ट्रक घेतला. खाणी बंद झाल्या तेव्हा सगळे सांगत होते, दोन महिन्यांत सुरू होतात. तोंडी सांगणाऱ्यांचा मला राग नाही. पण आता लिहून पाहिजे.”

ते अध्यक्षांना विचारल्याशिवाय लिहिणं माझ्या हातात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, तो गुडघा मळ्यात बघून आल्यावर मेडिकलशिवाय सही घ्यायची माझीही इच्छा उरली नव्हती. मी प्रती परत पिशवीत घातल्या. सकाळी म्हापशाला या, आधी फिजिओ, मग बाकीचं, असं सांगून उठलो.

वाळपईला रेंज आली तेव्हा अध्यक्षांचे सात मिस्ड कॉल होते. सही झाली नाही म्हटल्यावर ते बराच वेळ बोलले. “म्हणजे बारा वाजल्यापासून तो मोकळा! रात्रीत कुणी उचलला तर?” मी म्हटलं, उचलला तर माझी जबाबदारी. असं म्हणायला काही लागत नाही. झोप मात्र लागली नाही. साडेबारा वाजता उठून त्याचा नंबर काढला आणि फोन न लावता ठेवून दिला.

सकाळी म्हापशाच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो. पहिली कदंबा आली, त्यात ते नव्हते. दुसऱ्या गाडीतही नव्हते. कोपऱ्यावर उभा राहून मी तिसरा चहा घेतला, जो मला नकोच होता. तिसऱ्या गाडीतून तो उतरला. केस विंचरलेले, पायात बूट. मागून भाऊ, छातीशी एक जुनी रेक्झिनची बॅग धरून.

फिजिओने तासभर घेतला. एका पायावर उड्या, मग दुसऱ्या पायावर, टेप धरायला मी. ऑपरेशन झालेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के भरायला हवी, असं ते लोक मानतात. भरली. मांडीची ताकद थोडी कमी होती. सहा आठवडे व्यायाम, मग सराव सामने, असा निकाल मिळाला. कालच्या मळ्यातल्या सामन्याबद्दल फिजिओने विचारलं नाही आणि आम्ही तिघांनीही काही सांगितलं नाही.

दुपारी अध्यक्ष ऑफिसात आले. भाऊंनी सांगितलेली ओळ मी तोवर तिन्ही प्रतींच्या समासात हाताने लिहून ठेवली होती. भाऊंना ‘गुडघ्याचा पूर्ण खर्च क्लबचा’ एवढंच हवं होतं. मी म्हटलं, गुडघा कशाला, क्लबसाठी खेळताना किंवा सराव करताना झालेली कोणतीही दुखापत लिहूया. इंग्रजी कराराच्या समासात ती मराठी ओळ विचित्र दिसत होती.

अध्यक्षांनी ती वाचली. माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पेन्सिलीशी चाळा करत राहिलो.

“हे कोणी लिहिलं?”

“मी सांगितलं,” भाऊ म्हणाले.

“मी लिहिलं,” मी म्हणालो.

अध्यक्ष थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि ओळीशेजारी छोटी सही केली. तीनदा. मुलाने सगळ्या पानांवर सह्या केल्या, इतक्या सावकाश की शाळेतला निबंध वाटावा.

भाऊंनी आपली प्रत घेऊन रेक्झिनची बॅग उघडली. आत पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्यांची रबर लावलेली जुडी होती, खनिजाच्या फेऱ्यांच्या. त्यांनी करार त्या जुडीच्या वर न ठेवता बाजूच्या वेगळ्या कप्प्यात ठेवला, चेन ओढली आणि वाळपईची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.