शाहू स्टेडियम: एक मैदान, अनेक खेळ

5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये झालेल्या जागतिक तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत महिलांच्या कम्पाउंड (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या) प्रकाराच्या अंतिम फेरीत साताऱ्याच्या अदिती स्वामीने 15 बाणांत 150 पैकी 149 गुण मिळवले आणि मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला दोन गुणांनी मागे टाकले. तेव्हा तिचे वय 17 होते. आदल्याच दिवशी ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्यासह तिने सांघिक सुवर्णही मिळवले होते, आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतले भारतीय तिरंदाजीचे ते पहिले सुवर्णपदक होते. कम्पाउंड प्रकारात लक्ष्य 50 मीटरवर असते आणि पूर्ण दहा गुण देणारे वर्तुळ जेमतेम 8 सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढे असते. पंधरापैकी चौदा बाण तिने त्या वर्तुळात मारले.

या यशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्या कथेचा फार मागचा, मैदानाशी संबंधित असलेला भाग महत्त्वाचा वाटतो. साताऱ्याजवळच्या शेरेवाडी गावच्या या मुलीला तिच्या शिक्षक वडिलांनी लहानपणी साताऱ्यातल्या शाहू स्टेडियमवर नेले, ते तिने एखादा तरी खेळ खेळावा एवढ्याच इच्छेने. मैदानावर बरीच मुले फुटबॉल खेळण्यात आणि धावण्यात गुंतलेली होती. अदितीची नजर मात्र धनुष्यबाण घेऊन सराव करणाऱ्या एका लहानशा गटावर खिळली. पुढे प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली तिचा खरा सराव झाला, तोही उसाच्या शेतात उभ्या केलेल्या प्रशिक्षण केंद्रात. परंतु धनुष्य तिने पहिल्यांदा पाहिले ते सार्वजनिक मैदानावर, दुसरेच काहीतरी खेळण्यासाठी आलेल्या मुलांच्या गर्दीतून.

बहुउद्देशीय मैदानाचे समर्थन करताना आपण सहसा जागेची टंचाई पुढे करतो. प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र मैदान देणे जिल्ह्याच्या गावाला परवडत नाही, म्हणून एकाच मैदानात सगळे बसवायचे, असा तो विचार असतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ज्या घरात कुणी कधी तिरंदाजी, हातोडाफेक किंवा हॉकी पाहिलेली नाही, त्या घरातल्या मुलाने त्या खेळाचे नाव सांगून प्रवेश मागावा अशी अपेक्षाच करता येत नाही. खेळ आधी दिसावा लागतो, आणि तो दिसण्यासाठी एकमेकांच्या शेजारी चालावा लागतो. माझ्या मते सार्वजनिक मैदानाचे सर्वांत मोठे काम हेच आहे, आणि त्याच्या आखणीपासून भाड्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर तपासला पाहिजे.

शाहू स्टेडियम हे काम करू शकते याचे एक साधे कारण म्हणजे त्याची जागा. ते गावाबाहेरच्या माळावर नाही. एसटी स्टँडच्या लगत, भर वस्तीत आहे. कोरेगाव, वाई, मेढा या बाजूंनी एसटीने येणारा मुलगा स्टँडवर उतरला की चालत मैदानावर पोहोचतो आणि परतीची गाडीही त्याला तिथूनच मिळते. मैदानाला नाव आहे ते सातारा वसवणाऱ्या आणि येथून मराठी राज्याचा कारभार पाहणाऱ्या छत्रपती शाहू महाराजांचे. संभाजी महाराजांचे हे पुत्र मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर 1708 साली साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. बाहेरगावचे पाहुणे कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंशी नेहमी गल्लत करतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. अलीकडे शहरांना जागा कमी पडू लागली की क्रीडा संकुले महामार्गाकडेला, गावापासून पाच-सात किलोमीटरवर हलवण्याची सूचना पुढे येते. अशा संकुलात ज्याच्या घरी दुचाकी आहे आणि ती चालवायला मोकळा माणूसही आहे, त्याचीच मुले जातात. मध्यवर्ती मैदान एकदा हातचे गेले की ते पुन्हा मिळत नाही.

एका मैदानावर अनेक खेळ चालवणे हे भूमितीचे आणि वेळापत्रकाचे काम आहे. चारशे मीटरच्या प्रमाण धावमार्गाच्या आत फुटबॉलचे मैदान सामावते. कबड्डीचे 13 बाय 10 मीटरचे आणि खो-खोचे 27 बाय 16 मीटरचे मैदान कडेच्या जागेत आखता येते. हे सगळे कागदावर सहज जमते. अडचण येते ती फेकीच्या खेळांची आणि तिरंदाजीची. भाला पडण्याचा पट्टा मैदानाच्या मध्यातूनच जातो, त्यामुळे भालाफेक सुरू असताना आत फुटबॉल चालूच शकत नाही. तिरंदाजीत तर लक्ष्याच्या मागे पुरेशी मोकळी जागा किंवा भक्कम आडोसा लागतो, आणि बाण काढून आणण्यासाठी तिरंदाजांनी पुढे जायचे ते शिट्टी झाल्यावर, सगळ्यांनी एकदमच. चालण्याच्या व्यायामासाठी आलेले आजोबा या पट्ट्यात नकळत शिरले तर सराव थांबवावा लागतो. अशा वेळी वाद होतात आणि मग तिरंदाजांना बाहेर घालवण्याची भाषा सुरू होते. त्याऐवजी दोरी, फलक आणि ठरलेली वेळ एवढ्यावर प्रश्न सुटतो, याचा अनुभव ज्यांनी मैदाने सांभाळली आहेत त्यांना आहे. अट एवढीच की दोरी लावणारा माणूस रोज वेळेवर आला पाहिजे.

भरतीच्या मुलांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण मैदानाच्या चर्चेत त्यांना खेळाडू मानले जात नाही. सातारा जिल्हा हा सैनिकांचा जिल्हा आहे. अपशिंगे गावाच्या नावापुढे मिलिटरी हा शब्द कायमचा जोडला गेला आहे आणि देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली याच शहरात सुरू झाली. पहाटे अंधारात मैदानावर धावताना दिसतात ती बहुतेक मुले-मुली लष्कराच्या नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना 1600 मीटर धावण्यासाठी 20, शंभर मीटरसाठी 15 आणि 7.26 किलोच्या गोळ्याच्या फेकीसाठी 15 असे 50 गुण असतात. मुलींसाठी लांब धाव 800 मीटरची आणि गोळा 4 किलोचा. मुलांना 1600 मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत धाव संपवावी लागते.

मैदानाची निगा या मुलांसाठी का महत्त्वाची आहे, हे त्या आकड्यातच दडलेले आहे. फक्कीने मारलेली आतली रेघ पुसली गेली आणि मुले अंदाजाने दहा मीटर लहान फेरी मारू लागली, तर चार फेऱ्यांत चाळीस मीटर कमी पडतात. त्या वेगाने धावणाऱ्या मुलाच्या घड्याळात हा फरक जवळजवळ आठ सेकंदांचा होतो. आपण पूर्ण गुणांच्या वेळेत बसतो अशा समजुतीने तो महिनोन्महिने सराव करतो आणि खरी चाचणी द्यायला उभा राहतो तेव्हा गुण कमी का पडले ते त्याला उमगत नाही. गुणवत्ता यादीत एकेका गुणावर किती नावे वरखाली होतात, हे या मुलांच्या घरी विचारावे. फक्कीची दोन पोती, मोजपट्टी आणि ती नीट वापरणारा एक जाणता माणूस, एवढ्याने टळणारे हे नुकसान आहे. मातीचा मार्ग असेल तर त्याला पाणी मारणे, रोलर फिरवणे आणि पावसाळ्यानंतर मुरूम पसरून दबाई करणे ही कामेही तशीच कमी खर्चाची आहेत. त्यांचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून ती मागे पडतात.

आता मैदानाच्या दुसऱ्या उपयोगाकडे येतो. एप्रिल 2022 मध्ये महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा शाहू स्टेडियमवर झाली. साताऱ्याला हा मान 1963 नंतर पहिल्यांदाच मिळाला होता. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने अंतिम लढतीत विशाल बनकरवर 5-4 अशी मात करून गदा पटकावली. 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे, त्यामुळे आमच्याकडे कुस्तीला गर्दी होते ती नुसत्या करमणुकीसाठी नव्हे. पुढे जानेवारी 2026 च्या 99 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठीही याच मैदानाची निवड झाली. आखाडा आणि ग्रंथप्रदर्शन एकाच जागी भरावे, ही मला आनंदाची गोष्ट वाटते. मैदान फक्त खेळाडूंचे आहे, तिथे दुसरे काही होताच कामा नये, असा आग्रह धरणाऱ्या मित्रांशी मी सहमत नाही. सगळे शहर एकत्र बसू शकेल अशी दुसरी जागा जिल्ह्याच्या गावात सहसा नसते, आणि जे मैदान सगळ्यांच्या आठवणीत आहे त्याच्यावर अतिक्रमण होऊ लागले तर बोलणारे लोकही जास्त असतात.

माझी तक्रार कार्यक्रमाविषयी नाही. कार्यक्रम संपल्यावर मैदान ज्या स्थितीत सोडले जाते त्याविषयी आहे. अन्य एका गावच्या मैदानावर मोठा मांडव उतरल्यानंतर आठवडाभराने मी गेलो होतो. खांबांसाठी घेतलेले वीतभर खोल खड्डे तसेच होते, त्यांच्या तोंडाशी गवत वाढू लागल्यामुळे ते दिसतही नव्हते, आणि वाहनांच्या चाकांनी ओल्या मातीत पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाने कडक झाल्या होत्या. एक शाळकरी मुलगी खाली बसून बुटाच्या तळव्यात घुसलेली गालिच्याची चूक, म्हणजे बारीक खिळा, दगडाने उपटून काढत होती. ती काढून तिने ती फेकून दिली नाही, खिशात ठेवली. तिच्या खिशात तशा आणखी काही होत्या. हे काम तिचे नव्हते.

यावर उपाय अवघड नाही. जिल्हा क्रीडा संकुलाचा कारभार एक समिती पाहते, म्हणजे अधिकार एका ठिकाणी एकवटलेले आहेत. मैदान भाड्याने देताना घेतली जाणारी अनामत रक्कम खरोखर दुरुस्तीच्या खर्चाइतकी असावी. मांडव उभारण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर क्रीडा शिक्षक आणि खेळाडू यांच्या उपस्थितीत पाहणी व्हावी, खड्डे मुरमाने भरून दाबले गेल्याशिवाय आणि लोहचुंबक फिरवून खिळे-चुका गोळा केल्याशिवाय रक्कम परत मिळू नये. जड वाहने धावमार्गावर येणारच असतील तर त्याखाली फळ्या टाकल्या जाव्यात. वर्षाचे कार्यक्रम आधी जाहीर व्हावेत, कारण शालेय स्पर्धांच्या किंवा भरतीच्या तोंडावर पंधरा दिवस मैदान बंद राहिले तर तो सराव नंतर भरून काढता येत नाही.

सिंथेटिक धावमार्गाविषयी मला नेहमी विचारले जाते. जिल्ह्यातल्या धावपटूंना तो मिळायलाच हवा; मातीवर तयार झालेल्या मुलांनी राज्य स्पर्धेत पहिल्यांदा सिंथेटिकवर स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून उतरावे, हा त्यांच्यावर अन्याय आहे. मात्र असा मार्ग झाला की तो जपण्यासाठी कुंपण येते, कुंपणाला कुलूप लागते, कुलपाला शुल्क आणि शुल्काला अकादमी जोडली जाते, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. यातले प्रत्येक पाऊल वेगळे पाहिले तर रास्तच असते. सगळी पावले पडून झाल्यावर मात्र फी न भरलेल्या मुलाला आत काय चालले आहे ते दिसतही नाही. म्हणून कुंपण घालायचेच असेल तर ते जाळीचे आणि कमरेइतक्या उंचीचे असावे, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ प्रत्येक खेळाच्या प्रशिक्षकाने बाहेरच्या मुलांना हातात साहित्य देऊन खेळू द्यावे. लाकडी धनुष्याने दहा पावलांवरच्या फळीवर मारलेला एक बाणही मुलाला पुढच्या आठवड्यात परत यायला पुरतो.

मुलींच्या दृष्टीने याहून प्राथमिक दोन गोष्टी आहेत, आणि त्या मागताना कुणी संकोच करू नये. पहिली म्हणजे पाणी असलेले, आतून कडी लागणारे, रोज साफ होणारे स्वच्छतागृह. सकाळी शाळेपूर्वी आणि संध्याकाळी शाळेनंतर असा दोन-दोन तास सराव करणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने मैदान सोडले, तर त्याचे कारण बऱ्याचदा इतकेच असते आणि ते ती कुणाला सांगत नाही. दुसरी गोष्ट दिव्यांची. हिवाळ्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, सराव मात्र सात-साडेसातपर्यंत चालतो. मोठे दिव्यांचे खांब सामन्यांच्या वेळी लागतात. रोजच्या सरावाला धावमार्गाच्या कडेने आणि फाटकापासून एसटी स्टँडपर्यंतच्या वाटेवर नेमाने लागणारे साधे दिवे हवे आहेत. मैदानाच्या वार्षिक अंदाजपत्रकात या दोन बाबींसाठी स्वतंत्र तरतूद दाखवावी आणि ती कशी खर्च झाली याचा हिशेब फाटकावरच्या फलकावर लावावा, अशी लेखी मागणी पालकांनी आणि खेळाडूंनी मिळून समितीकडे केली पाहिजे. या वर्षीचे अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी ती गेली, तर तिचा उपयोग होईल.