जीएमने उपाशी मारलेली सॅटर्न, आणि ती न सोडणारे लोक

बंद पडलेल्या अमेरिकन गाड्यांचा विषय निघाला की लोक लगेच पॉन्टिअॅक, ओल्ड्समोबिल, स्टुडबेकर अशी नावं घेतात, त्यांचं क्रोम, त्यांची व्ही-८ इंजिनं, सगळं मान्य, पण मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती सॅटर्नची. हो तीच, जनरल मोटर्सची (म्हणजे जीएमची), प्लॅस्टिकच्या दारांची. दिसायला बावळट, पळायलाही यथातथाच, सुरुवातीच्या एसएल१ या मॉडेलमध्ये तर जेमतेम ८५ हॉर्सपॉवरचं इंजिन. तरी अमेरिकेत आल्यावर मी घेतलेली पहिली गाडी तीच होती, सेकंडहँड, मॅन्युअल गिअरची, आणि तेव्हापासून या कंपनीच्या गोष्टीत जो अडकलो तो अडकलोच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कागदोपत्री सॅटर्न २०१० मध्ये बंद झाली, पण तिला उपाशी ठेवायला सुरुवात झाली होती नव्वदच्या दशकातच, ती जोरात विकली जात असताना, आणि उपाशी ठेवणारे घरचेच होते.

गोष्ट सुरू होते ८० च्या दशकात. टोयोटा आणि होंडाच्या छोट्या गाड्यांनी जनरल मोटर्सची झोप उडवली होती. छोटी गाडी बनवून तिच्यावर पैसे कसे कमवायचे हे जीएमला काही केल्या जमत नव्हतं. तेव्हाचे चेअरमन रॉजर स्मिथ यांनी ठरवलं की आहे त्या कंपनीत हे होणे नाही, वेगळं घरच मांडू. जानेवारी १९८५ मध्ये सॅटर्न कॉर्पोरेशनची घोषणा झाली आणि कारखान्यासाठी जागा निवडली टेनेसीतलं स्प्रिंग हिल, म्हणजे डेट्रॉइटपासून लांब, शेतं-कुरणांच्या मधोमध. ३० जुलै १९९० ला पहिली गाडी लाइनवरून बाहेर आली, ती बाहेर काढली स्वतः स्मिथ आणि युनायटेड ऑटो वर्कर्स युनियनचे अध्यक्ष ओवेन बीबर यांनी, दोघं एकाच गाडीत. आणि दुसऱ्या दिवशी स्मिथ रिटायर! म्हणजे ज्याचं हे पोर, तोच निघून गेला. पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू झालं असं मला वाटतं.

गाडीपेक्षा कंपनीच जास्त भन्नाट होती. युनियनशी करार वेगळा केलेला, नेहमीच्या जाडजूड कराराच्या तुलनेत अगदी पातळ. कामगारांच्या टीम, टीम आपली कामं आपणच वाटून घेणार, काहीतरी चुकतंय असं दिसलं तर लाइन थांबवायचा अधिकार कामगाराला, पगाराचा एक भाग क्वालिटी आणि टार्गेटवर बांधलेला. डेट्रॉइटमध्ये मॅनेजमेंट आणि युनियन एकमेकांकडे कसे बघायचे हे ज्यांना माहितीये त्यांना यात किती धाडस होतं ते कळेल.

आणि मग शोरूम. अमेरिकेत गाडी घ्यायला जाणं म्हणजे डोक्याला ताप असतो, किमतीवरून तासन्‌तास घासाघीस, सेल्समन सारखा आत जाऊन “मॅनेजरला विचारून येतो” म्हणणार, आणि बाहेर पडल्यावर आपण फसलो की वाचलो तेच कळत नाही. सॅटर्नने हे सगळं मोडीतच काढलं. स्टिकरवर जी किंमत ती किंमत, शेजाऱ्यालाही तीच आणि तुम्हालाही तीच. गाडी नाही आवडली तर ३० दिवसांत किंवा १५०० मैलांच्या आत परत आणा. डिलिव्हरीच्या वेळी शोरूममधले सगळे जमा होऊन टाळ्या वाजवायचे, फोटो काढायचे, थोडं ओशाळवाणंच वाटत असणार, पण पहिल्यांदाच नवी गाडी घेणाऱ्या माणसाच्या ते कायम लक्षात राहायचं. एकट्या बाईमाणसाला शोरूममध्ये कुणी गंडवत नाही ही ख्याती झाली, आणि सॅटर्नच्या गिऱ्हाइकांत बायकांचं प्रमाण चांगलं होतं ते उगाच नव्हे.

सुरुवातीच्या काळातला एक किस्सा मला फार आवडतो. १९९१ मध्ये काही गाड्यांमध्ये चुकीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरलं गेलं, सप्लायरकडून आलेला मालच खराब होता, त्याने कूलिंग सिस्टीम आतून खाल्ली जाणार होती. दुसरी कंपनी असती तर पाइप बदलून, फ्लश मारून मोकळी झाली असती. सॅटर्नने १८३६ गाड्या परत घेतल्या आणि मालकांना त्या बदल्यात चक्क दुसऱ्या नव्या गाड्या दिल्या. नव्याकोऱ्या कंपनीचं यात दिवाळं निघायचं, पण उलट नाव झालं. जाहिरातीत कितीही पैसे ओतले असते तरी एवढं नाव झालं नसतं.

मग १९९४ चा उन्हाळा. कंपनीने सगळ्या मालकांना स्प्रिंग हिलला बोलावलं, आपली गाडी जिथे बनली तो कारखाना बघायला, आणि ४० हजारांच्या वर लोक गेले! कुठून कुठून गाडी चालवत, पोराबाळांसकट. एका स्वस्त फॅमिली सेडानसाठी. फेरारी नाही, मस्टँग नाही, एसएल२! पंढरीच्या वारीला निघावं तसे लोक निघाले होते. त्याच साली सॅटर्नची विक्री २ लाख ८६ हजारांवर पोचली, आणि तो आकडा तिने पुढे कधीच ओलांडला नाही.

का नाही ओलांडला? कारण विकायला दुसरं काही नव्हतंच. १९९० पासून १९९९ पर्यंत सॅटर्नकडे एकच गाडी, एस सीरिज, तिचीच सेडान (एसएल), दोन दारांची कूपे (एससी) आणि वॅगन. ज्यांनी ९१ मध्ये कॉलेजात असताना एससी घेतली त्यांची ९७ पर्यंत लग्नं होऊन दोन पोरं झाली, त्यांना मोठी गाडी हवी होती, शोरूमवर जीव होता, पण शोरूममध्ये मोठी गाडीच नाही, मग गेले आपले कॅम्री आणि अकॉर्डकडे. जीएममधले बाकीचे ब्रँड म्हणायचे आमच्या वाटचे पैसे त्या टेनेसीवाल्यांना किती दिवस देणार, आणि युनियनमध्येही बीबरनंतर आलेले स्टीफन योकिच त्या वेगळ्या कराराच्या विरोधातच होते. दोन्हीकडून कोंडी. (मधल्या काळात एक मजा झाली, जीएमची इलेक्ट्रिक ईव्ही१ जी १९९६ मध्ये लीजवर दिली गेली ती कॅलिफोर्निया-ॲरिझोनात सॅटर्नच्याच शोरूममधून. नवख्या गोष्टीवर गिऱ्हाइकाशी नीट बोलू शकतील असे लोक त्यांच्याकडेच होते, हे जीएमलाही माहिती होतं बघा.)

शेवटी मोठी गाडी आली, एल सीरिज, पण ती ओपल व्हेक्ट्रावर बेतलेली, बनायची डेलावेअरमध्ये, आणि तिच्याकडे बघून कुणाचंही काळीज हललं नाही. नंतर व्ह्यू एसयूव्ही आली ती बरी चालली, आयन आली तिचे मीटर डॅशबोर्डच्या मधोमध, का ते देवालाच ठाऊक. २००४ मध्ये युनियनबरोबरचा तो खास करारही संपला, स्प्रिंग हिलच्या कामगारांनीच तसं मत दिलं होतं. आणि गंमत अशी की अगदी शेवटी सॅटर्नला जन्मभरातल्या सगळ्यात चांगल्या गाड्या मिळाल्या, स्काय रोडस्टर, आउटलुक, आणि ऑरा, जिला २००७ ची नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर मिळाली. पण तोपर्यंत प्लॅस्टिकची दारं गेली होती, स्प्रिंग हिल गेलं होतं, उरला होता लोगो. २००९ मध्ये जीएम दिवाळखोरीत गेली, गाड्यांचे बडे डीलर रॉजर पेन्स्के ब्रँड विकत घेणार असं जवळपास ठरलं, पण पुढच्या गाड्या बनवून द्यायला जी कंपनी तयार होणार होती तिच्या बोर्डाने नकार दिला, आणि ३० सप्टेंबरला पेन्स्केंनी हात वर केले. संपलं.

आता मालकांबद्दल, कारण खरी मजा तिथेच आहे. ती दारं आणि फेंडर पॉलिमरचे, आत स्टीलचा सांगाडा, त्याच्यावर पॅनेल बोल्टने लावलेले. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये वाऱ्याने सुटलेली एक कार्ट धडधडत येऊन माझ्या गाडीच्या दारावर आदळली होती, दार आत गेलं आणि टप्पकन बाहेर आलं, एक काळपट ओरखडा राहिला तो अंगठा घासून निघाला. शेजारच्या गाडीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होता. ऊन लागलं की प्लॅस्टिक फुगतं म्हणून पॅनेलच्या मध्ये फटी मोठ्या ठेवलेल्या, बोट जाईल इतक्या, ज्यांना माहिती नसतं ते म्हणतात काय फिनिशिंग आहे हे. आणि बॉनेट, छप्पर, डिकीचं झाकण मात्र स्टीलचं, त्यामुळे बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेल्या जुन्या सॅटर्नची दारं कोरी करकरीत आणि खाली सांगाडा गंजलेला असला प्रकार दिसतो.

एस सीरिजच्या १.९ लिटर इंजिनाची खोड सगळ्या जुन्या मालकांना तोंडपाठ आहे: ऑइल पिते. पिस्टनमध्ये ऑइल परत खाली जायला पुरेशी वाट ठेवलेली नव्हती, त्यामुळे पिस्टनच्या रिंगा कार्बनने चिकटतात आणि ऑइल जळत राहतं. इंजिन तसं दणकट, टायमिंग चेनचं, पण डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) न बघता चालवणाऱ्याला ते माफ करत नाही. म्हणून सॅटर्नवाल्याच्या डिकीत ऑइलची बाटली असतेच, पेट्रोल भरताना बॉनेट उघडून बघणं हे त्यांचं नित्यकर्म. काही जण स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये क्लीनर ओतून रात्रभर तसंच ठेवतात, थोडा फरक पडतो म्हणतात. दुसरं म्हणजे कूलंट टेंपरेचरचा सेन्सर, जुन्याचं टोक प्लॅस्टिकचं, ते तडकतं आणि मग गाडी वेड्यासारखी वागायला लागते, पितळेच्या टोकाचा घालायचा, विषय संपला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टर मात्र बाहेरून फिरवून काढायचा, अगदी ऑइल फिल्टरसारखा, घरी करता येतो, हे कुणाला सुचलं त्याला माझा नमस्कार.

कुणी आज जुनी सॅटर्न घ्यायच्या विचारात असेल (असतात असले लोक, मला ईमेल येतात) तर मॅन्युअल एसएल किंवा एससी बघा, आधी डिपस्टिक आणि मग बाकी सगळं. व्ह्यू हवी असेल तर २००४ ते २००७ ची व्ही६ शोधा, त्यात होंडाचं ३.५ लिटर इंजिन आहे, फक्त टायमिंग बेल्ट वेळेवर बदललाय का ते विचारा, आणि सुरुवातीच्या सीव्हीटीवाल्या (गिअरचे टप्पे नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) व्ह्यूच्या वाटेला जाऊ नका, त्या गिअरबॉक्सची वॉरंटी जीएमला स्वतःहून वाढवावी लागली होती. आयन असेल तर इग्निशन स्विचचा २०१४ चा रिकॉल (कंपनीने गाडी परत बोलावून केलेली दुरुस्ती) झालाय की नाही ते गाडीच्या चेसिस नंबरावरून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका, तो प्रकार गंभीर होता, चालत्या गाडीत किल्ली सरकून इंजिन आणि एअरबॅग दोन्ही बंद पडायचे. आणि जंकयार्डमधून दार किंवा फेंडर आणणार असाल तर आधी साल विचारा, सेडानची बॉडी १९९६ मध्ये आणि परत २००० मध्ये बदलली, जुन्याचं नव्याला बसत नाही. रंग जुळला नाही तरी चालतं, तीन रंगांच्या सॅटर्न रस्त्यावर भरपूर बघितल्यात.