हिवाळी फेरी: कोणती प्रत, किती वाजता, केवढ्या पडद्यावर

नोव्हेंबर, पहिला आठवडा. आधी वेळेचा हिशोब

प्राचीन काळावरचे लांबलचक सिनेमे ठाण्यात घरी प्रोजेक्टरवर उन्हाळ्यात लावण्यात अर्थ नाही. मे महिन्यात सूर्य सातनंतर मावळतो आणि रात्री दहाला निवासी भागातली आवाजाची मर्यादा ५५ डेसिबलवरून ४५ वर येते. मधे उरतात जेमतेम तीन तास. 'बेन-हर' (१९५९) एकटाच २१२ मिनिटांचा. १५ मिनिटांचं मध्यंतर धरलं तर पावणेचार तासांच्या वर. सातला सुरू केला तर रथ पळायला लागेपर्यंत खालच्या मजल्यावरून फोन येतो. डिसेंबरच्या सुरुवातीला मात्र सूर्य सहालाच मावळतो. सहा वाजून पाच मिनिटांनी सुरुवात केली की दहाला आठ मिनिटं कमी असताना सिनेमा संपतो आणि ऐरोली-वाशीकडची मंडळी लोकलही गाठतात. म्हणून या फेरीत तीन तासांवरचं जे काही आहे ते नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. छोटे सिनेमे आणि मालिका पुढे.

पावसाळ्यात अंधार लवकर पडतो हे खरं, पण छज्ज्याच्या पत्र्यावर सर पडली की कुजबुजीचे प्रसंग गेलेच. शिवाय वीज. दिव्याचा प्रोजेक्टर चालू असताना वीज गेली की पंखा थांबतो, दिवा थंड होत नाही आणि त्याचं आयुष्य घटतं. ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुढचा सिनेमा दाखवत नाही. तो काही मिनिटं देतो ती फक्त नीट बंद करण्यासाठी. तेवढ्यासाठी तो घ्यावाच.

नोव्हेंबर, तिसरा आठवडा. पडदा आणि पट्ट्या

नौपाड्यातल्या जुन्या फ्लॅटचा हॉल १० बाय १५ फुटांचा. प्रोजेक्टर रुंदीच्या बाजूने लावून चालत नाही. १० फूट म्हणजे ३ मीटर. १०० इंची पडद्याची रुंदी २२१ सेंटिमीटर, आणि ज्या प्रोजेक्टरचं थ्रो प्रमाण (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ आहे त्याला त्यासाठी ३.३ मीटर अंतर लागतं. म्हणजे लांबीच्या बाजूने. बसायची जागा पडद्यापासून पावणेतीन मीटरवर, प्रोजेक्टर डोक्यांच्या मागे स्टुलावर. स्टूल बुटकं पडलं तर कीस्टोनचं, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करायचं, बटण दाबून वेळ मारून नेऊ नका, खाली जाडजूड दिवाळी अंक सरकवा. कीस्टोन चित्र सरळ करत नाही, ते पुन्हा आखतं; रोमन देवळांच्या खांबांच्या कडांना पायऱ्या पडतात आणि मग सगळा सिनेमाभर तेवढंच दिसतं.

आता मापं. तोच पडदा, २२१ सेंटिमीटर रुंद, १२४ उंच. 'ग्लॅडिएटर' (२०००) २.३९:१ (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) मध्ये आहे, त्याचं चित्र ९२ सेंटिमीटर उंच पडतं. 'बेन-हर' २.७६:१, उंची फक्त ८०. वरखाली प्रत्येकी २२ सेंटिमीटर रिकामी जागा राहते आणि ती काळी नसते, राखाडी असते, कारण स्वस्त प्रोजेक्टरला खरा काळा रंग जमत नाही. जांभळी नाक्याच्या बाजारातून काळं फेल्ट आणून २३ सेंटिमीटर रुंद, सव्वादोन मीटर लांब अशा दोन पट्ट्या फोमबोर्डवर चिकटवल्या आणि वेल्क्रोने बसवल्या की तेच चित्र उजळ वाटायला लागतं. प्रोजेक्टर बदलायचा विचार त्याआधी करू नये. एक अडचण: सबटायटल्स खालच्या पट्टीत येत असतील तर ती फेल्टमध्ये गडप होतात. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ती वर, चित्रात घ्यावी लागतात.

डिसेंबर, पहिला शनिवार. 'बेन-हर'

सुरुवातीला सहा मिनिटांहून जास्त नुसतं संगीत आहे आणि पडद्यावर मायकेलअँजेलोचं चित्र स्थिर. नव्या माणसाला वाटतं, अडकलं. हात रिमोटकडे जातो. पुढे ढकलू नये. संधिप्रकाशाची शेवटची तिरीप खिडकीतून येत असते, ती याच वेळात जाते, हा ठाण्यातला आयता फायदा.

सिनेमातल्या रथांच्या शर्यतीत ९ रथ, प्रत्येकाला ४ घोडे. जुन्या टीव्ही प्रतींमध्ये हेच चित्र ४:३ मध्ये कापलेलं आहे, म्हणजे रुंदीचा निम्म्याहून जास्त भाग गेला. नायकाचा वैरी मेसाला याच्या रथाच्या तुंब्याला दातेरी पाती आहेत. ती शेजारच्या रथाच्या आऱ्यांपर्यंत येतात तेव्हा पाती आणि ज्याचं चाक जाणार तो माणूस हे दोन्ही एकाच चौकटीत दिसायला हवेत. कापलेल्या प्रतीत कॅमेरा डावीकडून उजवीकडे उगाच सरकत राहतो आणि भीती निघून जाते. १६:९ मध्ये भरलेली प्रतही ३६ टक्के रुंदी खाते. 'फुल स्क्रीन' लिहिलेलं काहीही आणू नका.

दुसरं म्हणजे शर्यतीला पार्श्वसंगीत नाही. आधीच्या संचलनाला आहे, मग बंद. फक्त टापा, चाकं आणि गर्दी. त्यामुळे सबवूफर (खर्जाचा स्पीकर) फरशीवर थेट ठेवला असेल तर खालच्या घरात नुसता दणदणाट पोचतो, आवाज नाही. त्याखाली जाड फोम किंवा रबराचा तुकडा घातला की तक्रार निम्म्यावर येते. ५.१ चा, म्हणजे सहा चॅनलांचा, आवाज दोन स्पीकरवर उतरवताना संवाद दबतात. मधल्या चॅनलला ३-४ डेसिबल वाढवून द्यावेत. 'नाइट मोड' (मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारी सोय) शेवटच्या अर्ध्या तासापुरताच ठेवा, नाहीतर कुष्ठरोग्यांच्या दरीतली शांतता आणि बाजारातला गलबला एकाच पातळीवर येतात.

डिसेंबर, दुसरा आठवडा. सबटायटल्स का सरकतात

या फेरीत सगळ्यात जास्त वेळ यावर गेला, आणि चूक प्रत्येक वेळी एकच: आजार न ओळखता औषध. सबटायटल्स चुकण्याचे प्रकार तीन.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल, समजा दोन सेकंद, तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच या कळा पुरतात. एकदा दाबलं की ५० मिलिसेकंद.

फरक हळूहळू वाढत असेल तर तो वेगाचा फरक आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा (डिस्कवर बहुधा २३.९७६), युरोपातल्या जुन्या डीव्हीडी आणि टीव्ही प्रती २५ च्या. पंचवीसच्या प्रतीवर बेतलेली फाइल चोवीसच्या सिनेमाला लावली की सबटायटल्स पुढे पळतात: तासाभराने अडीच मिनिटं. सीझर अजून बोलायचाच असतो आणि आपण ब्रूटसचं उत्तर वाचत असतो. इथे कळा दाबत बसलात तर दर पाच मिनिटांनी दाबाव्या लागतील. 'सबटायटल एडिट' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट २५ वरून २३.९७६ केला की सगळ्या वेळा १.०४२७ ने गुणल्या जातात, संपलं. फरक तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास असेल तर तो २४ आणि २३.९७६ मधला आहे, रीत तीच. पंचवीसच्या प्रतीची आणखी एक खूण कानाला कळते: संगीताची पट्टी चढते. काळी एक आणि पांढरी दोन यांत जेवढं अंतर, त्याच्या सुमारे पाऊण हिश्श्याने. गाणाऱ्या माणसाला शेजारी बसवा.

तिसरा प्रकार: चाळीस मिनिटं चोख, मग एकदम उडी, पुन्हा चोख, पुन्हा उडी. हा वेगाचा दोष नाही. फाइल वेगळ्या काटछाटीच्या प्रतीची आहे. तिला दुरुस्त करू नका, दुसरी शोधा.

मराठी सबटायटल्स स्वतः करणाऱ्यांसाठी: फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करा. पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावला तर बऱ्याच टीव्हींवर चौकोन दिसतात किंवा जोडाक्षरं फुटतात, 'राज्य'चं 'राज् य' होतं. लॅपटॉपवरून एचडीएमआयने दाखवणं हा खात्रीचा मार्ग. ओळी दोनच, एका ओळीत ३४-३५ अक्षरांपलीकडे नको. 'सेनेटमधील सन्माननीय सभासदहो' लिहून झाल्यावर खाली चेहरा दिसत नाही, 'सभाजनहो' पुरतं.

डिसेंबर, तिसरा आठवडा. 'क्लिओपात्रा' आणि 'स्पार्टाकस'

'क्लिओपात्रा' (१९६३) चार तासांच्या वर जातो, डिसेंबरातही सहा ते दहात बसत नाही. शनिवारी सीझरचा भाग, रविवारी अँटनीचा. मध्यंतर सीझरच्या खुनानंतरच येतं. दिग्दर्शकाला मुळात दोन सिनेमे हवे होते, त्यामुळे दोन दिवसांत पाहण्यात कसलाच अपराध नाही. मध्यंतराबद्दल एक: चहा १५ मिनिटांत उरकतो, मामलेदारची मिसळ मागवली की ४० धरा.

'स्पार्टाकस' (१९६०) ची १९९१ मध्ये सावरलेली, १९७ मिनिटांची प्रतच लावावी. तिच्यात रोमन सेनानी क्रॅसस आणि त्याचा गुलाम अँटोनिनस यांचा हमामातला प्रसंग परत आला आहे. चित्र सापडलं, आवाज हरवलेला. अँटोनिनस झालेल्या टोनी कर्टिसने स्वतःचे संवाद पुन्हा म्हटले, क्रॅसस झालेले लॉरेन्स ऑलिव्हिए तोवर वारले होते, त्यांचा आवाज अँथनी हॉपकिन्सने दिला. हे माहीत असूनही जोड ऐकू येत नाही. हेडफोन लावून पाहा.

जानेवारी. चार 'अलेक्झांडर'

ओलिव्हर स्टोनच्या 'अलेक्झांडर'च्या (२००४) चार प्रती आहेत: चित्रगृहातली १७५ मिनिटांची, मग दिग्दर्शकाची १६७ ची, २००७ ची २१४ ची, २०१४ ची २०६ ची. महाभारताच्या भांडारकर प्रतीत तळटीपांमध्ये पाठभेद पाहायची ज्यांना सवय आहे त्यांना इथे घरी आल्यासारखं वाटेल. नुसतं 'अलेक्झांडर पाहिला, रटाळ आहे' हे मत नोंदवहीत घेतलं जात नाही; मिनिटं लिहा. १६७ ची प्रत पाहण्याचं कारण सापडलं नाही. 'किंग्डम ऑफ हेवन'चंही (२००५) तेच: १४४ मिनिटांच्या प्रतीत जेरुसलेमची राणी सिबिला हिच्या मुलाचं कथानकच नाही, आणि ते काढल्यावर तिचं पुढचं वागणं वेडसर वाटतं. १९४ च्या प्रतीत ती शहाणी, दुःखी बाई आहे.

'अलेक्झांडर'च्या भारतातल्या लढाईत चित्र एकाएकी लालभडक होतं. प्रोजेक्टर बिघडलेला नाही. ते मुद्दाम आहे. रंगांच्या सेटिंगला हात लावू नका, पुढचा प्रसंग हिरवट होऊन बसेल. इतिहासाची गोम वेगळीच. सिकंदर तिथे हत्तींसमोर जबर जखमी होतो असं दाखवलंय. खरी प्राणावर बेतलेली जखम त्याला झेलमच्या लढाईत (इ.स.पू. ३२६) नाही, नंतर मालवांच्या गढीवर चढताना बाणाने झाली. दोन घटना एकत्र दामटल्या आहेत. शिवाय लढाई जंगलात होते. प्रत्यक्षात ती पावसाने भिजलेल्या नदीकाठी झाली, आणि पौरवाच्या (पोरसच्या) रथांची चाकं चिखलात रुतणं हाच त्यातला महत्त्वाचा भाग होता.

इतिहासाच्या चुका टिपण्याच्या रकान्यात रिकीब दिसली की रोज एक रेघ ओढण्यात आता मजा उरली नाही. रोमनांकडे रिकीब नव्हती, चार शिंगांचं खोगीर होतं. पण घोडेस्वार नटाचा पाय मोडू नये म्हणून ती दिली जाते, हे समजण्यासारखं आहे. 'मरायला निघालेले तुला वंदन करतात' हे वाक्य जास्त खटकतं. ते रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळात एका तळ्यावरच्या लुटुपुटीच्या नाविक युद्धात कैद्यांनी म्हटल्याची नोंद आहे. ग्लॅडिएटरांचा तो नित्याचा मंत्र असल्याचा पुरावा नाही. अंगठा खाली म्हणजे मरण, हेही मनात ठसलंय ते मुख्यतः फ्रेंच चित्रकार जेरोमच्या १८७२ च्या चित्रामुळे.

जानेवारीअखेर. छोटा पडदा

'रोम' (२००५-०७) या मालिकेचे २२ भाग १६:९ मध्ये आहेत, पट्ट्या काढून ठेवा. भिंतींवर रंग, पुतळ्यांवर रंग, गल्लीत घाण: पांढऱ्या संगमरवराच्या सवयीवर हाच उतारा. वोरेनस आणि पुल्लो या मालिकेतल्या दोन सैनिकांची नावं सीझरने लिहिलेल्या 'गॉल युद्ध' या ग्रंथाच्या पाचव्या भागातून उचललेली आहेत. तिथे दोघेही सेंच्युरियन (रोमन तुकडीचे नायक) आणि एकमेकांचे स्पर्धक.

'चाणक्य' (१९९१) चे ४७ भाग ४:३ चे, पण फिरणाऱ्या बऱ्याच फाइली १६:९ मध्ये ताणलेल्या. सवय झाली की डोळा फसतो, म्हणून फूटपट्टी घ्या. रथाचं चाक अगदी समोरून, म्हणजे बाजूला न वळलेलं दिसेल तिथे थांबवा आणि पडद्यावरच मोजा. उंची ३० आणि रुंदी ४० सेंटिमीटर आली तर ताणलेलं आहे. प्लेअरमध्ये प्रमाण सक्तीने ४:३ करा, चाक गोल होईल आणि नंदाच्या दरबारातली माणसं बारीक होतील. हलत्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसत असतील तर ते इंटरलेसिंग, म्हणजे एका चौकटीत दोन अर्धी चित्रं ओळीआड विणलेली. डी-इंटरलेस चालू करून याडिफ (२एक्स) निवडा.

पुढचा शनिवार: 'अलेक्झांडर', २१४ मिनिटांची प्रत, मध्यंतर धरून. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास, म्हणून पडदे ओढून ठीक सहाला सुरुवात. पट्ट्या ९२ च्या मापाला, मध्यंतरात फक्त चहा.