बेत साहूर: अठरा गाई आणि एक जुना प्रश्न

ऑलिव्हची फांदी विंचरायची असते. झाडाखाली ताडपत्री अंथरायची, पंजाएवढी प्लॅस्टिकची फणी हातात घ्यायची आणि फांदी वरून खाली हळूहळू विंचरत आणायची. फळं ताडपत्रीवर टपटपतात. पत्र्यावर वळवाचे पहिले थेंब पडावेत तसा तो आवाज. ऑक्टोबर २०१९ मध्ये वेस्ट बँकेतल्या बेत साहूर या गावात मी आठ दिवस हे काम केलं. त्या प्रवासाबद्दल लिहायचं इतकी वर्षं टाळत आले होते.

बेत साहूर बेथलेहेमच्या पूर्वेला, अगदी लागून आहे. येशूच्या जन्माची वार्ता मेंढपाळांना जिथे मिळाली असं मानतात, ते रान इथलंच. पर्यटकांच्या बसगाड्या येतात, चर्च पाहतात, ऑलिव्हच्या लाकडाच्या मूर्ती घेतात आणि तासाभरात निघून जातात. गावात बहुसंख्य ख्रिस्ती आहेत. गच्चीवर उभं राहिलं की समोरच्या टेकडीवर हार होमा ही इस्रायली वसाहत दिसते. टेकडीचं अरबी नाव जबल अबू घनेम. १९९७ पर्यंत तिथे झाडी होती, आता फिकट दगडाच्या इमारतींची दाटी आहे. इंग्रजी बातम्यांत हिच्यासाठी 'सेटलमेंट' हा शब्द वापरतात आणि साम्राज्यांच्या इतिहासासाठी 'कॉलनी', त्यामुळे दोन्हींचा संबंध चटकन लक्षात येत नाही. मराठीत दोन्हीला वसाहतच म्हणतात. आपल्या भाषेने हा भेद केला नाही, याचं मला त्या गच्चीवर बरं वाटलं.

माझे यजमान पन्नाशीचे, सुतारकाम करणारे. गावातली तरुण मुलं त्यांना अम्मो, म्हणजे काका, म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागले. आम्ही ज्या ताली विंचरत होतो त्या त्यांच्या चुलत घराण्याच्या. खालच्या तीन ताली कुंपणाच्या अगदी जवळ. तिथे जायला लष्कराची परवानगी लागते आणि ती वर्षातून मोजक्या दिवसांची मिळते. दोन पोती ऑलिव्हसाठी एवढा खटाटोप का, असं मी विचारलं, तेव्हा अम्मोंनी ताडपत्रीवरच बसून मला कायदा समजावला. १८५८ चा ऑटोमन जमीन कायदा. सलग तीन वर्षं जमीन कसली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. ऑटोमन गेले, इंग्रज आले आणि गेले, जॉर्डन आलं, १९६७ पासून इस्रायलचं लष्कर आहे. कलम तेवढं टिकलं. १९८० च्या सुमारापासून याच कलमाच्या आधारे वेस्ट बँकेतली लाखो दुनम जमीन सरकारी ठरवली गेली. एक दुनम म्हणजे आपला साधारण पाव एकर. आधी परवानगीशिवाय जमिनीत जाऊ द्यायचं नाही आणि मग जमीन पडीक आहे म्हणून ती घ्यायची. त्या सुगीत तेल किती निघालं यापेक्षा झाडाला हात लागला हे महत्त्वाचं होतं. अम्मो प्रत्येक झाडाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, तारखेसकट.

आमच्याबरोबर इंग्लंडच्या उत्तरेकडून आलेल्या एक निवृत्त नर्स होत्या. वय अडुसष्ट, सुगीला यायचं त्यांचं तिसरं वर्ष. मी त्यांना सिस्टर म्हणायचे.

पहिल्या रात्री जेवताना मी तो प्रश्न विचारला. मकलूबा झाला होता, सेजची पानं घातलेला चहा झाला होता, भारताविषयी बरंच कौतुक ऐकून झालं होतं आणि त्या भरात मी म्हणाले, "अम्मो, तुमच्यात कुणी गांधी का नाही झाले?"

सिस्टर म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मीही हेच विचारलं होतं. याच खुर्चीत बसून."

अम्मोंना राग आला नाही. त्यांनी गाईंची गोष्ट सांगितली.

डिसेंबर १९८७ मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, सुरू झाला, तेव्हा अम्मो विशीत होते. गावाने ठरवलं, इस्रायलचं दूध विकत घ्यायचं नाही. एका किबुत्झकडून, म्हणजे इस्रायली सामूहिक शेतीच्या वस्तीकडून, अठरा गाई रीतसर पैसे मोजून आणल्या. गाई पाळणं कुणाला ठाऊक नव्हतं. सुतार, शिक्षक, औषधवाले, सगळे शिकले. लष्कराने त्या गाईंना इस्रायलच्या सुरक्षेला धोका ठरवलं आणि गोठा बंद करायचा हुकूम काढला. गावाने गाई लपवल्या. बंदूकधारी सैनिक गाई शोधत घरोघर फिरले. आपल्याला हसू यावं असा हा प्रसंग, पण सांगताना अम्मो हसत नव्हते.

मग करबंदी. ज्या सत्तेला आम्ही निवडलं नाही तिला कर देणार नाही, असं गावाने जाहीर केलं. ओळखपत्रं परत केली. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये लष्कराने गावाला वेढा दिला. तो साधारण सहा आठवडे चालला. फोन तोडले, बाहेरून माल येऊ दिला नाही आणि घरोघर जप्ती केली. कारखान्यांतली यंत्रं, दुकानातला माल, फ्रिज, टीव्ही, खुर्च्या. अम्मोंच्या वडिलांच्या कार्यशाळेतलं करवतीचं यंत्र गेलं. गावाने दगड उचलला नाही आणि कर भरला नाही. नोव्हेंबरमध्ये या जप्तीविरुद्धचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर आला. चौदा मतं ठरावाच्या बाजूने पडली. अमेरिकेने नकाराधिकार वापरला.

"झाले होते आमच्यात गांधी," अम्मो म्हणाले. "गावभर होते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घरी एक तांब्याचा हंडा कायम आठवणीत असतो. तो हंडा कुणी पाहिलेला नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पणजोबांनी दंड भरला नाही म्हणून सरकारी माणसांनी तो उचलून नेला, एवढीच गोष्ट. आजी ती सांगताना अजून हाताने त्याचा घेर दाखवायची. जप्ती या शब्दाला आमच्या घरात एक आकार आहे. आणि तरी मी पॅलेस्टाइनमधल्या माणसाला, करवत जप्त झालेल्या घरात बसून, तो प्रश्न विचारला होता. माझ्या तोंडी तो आला कुठून? पाश्चात्त्य वर्तमानपत्रं वाचून. राज्य करणाऱ्यांच्या बाजूने तो पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे.

दुसऱ्या दिवशी शिडीवर उभ्या असलेल्या सिस्टर फांदी विंचरत बोलत होत्या. त्यांचे वडील १९४६ मध्ये एकोणीस वर्षांचे शिपाई म्हणून इथेच होते. २२ जुलैला जेरुसलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलमध्ये इर्गुन या ज्यू संघटनेने बॉम्बस्फोट केला. ब्रिटिश प्रशासनाची कचेरी तिथे होती. ९१ माणसं मेली, त्यांत ब्रिटिश, अरब, ज्यू सगळे. ढिगारा उपसणाऱ्यांत त्यांचे वडील होते. आयुष्यभर ते त्या लोकांना अतिरेकी म्हणत राहिले. आणि १९७७ मध्ये इर्गुनचे प्रमुख मेनाखेम बेगिन इस्रायलचे पंतप्रधान झाले, पुढच्या वर्षी त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा वडिलांनी टीव्ही बंद केला आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

"आम्ही घरात सगळे वडिलांच्या दुःखाबद्दल बोलायचो," सिस्टर म्हणाल्या. "पण माझे वडील मुळात इथे काय करत होते, हे मी साठीपर्यंत स्वतःला विचारलं नाही."

त्यांनी नंतर विचारलं, वाचलं. ज्यूंच्या राष्ट्रीय निवासाला पॅलेस्टाइनमध्ये पाठिंबा देणारं ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचं २ नोव्हेंबर १९१७ चं पत्र. त्या वेळी इथल्या लोकसंख्येत साधारण दहातले नऊ अरब होते आणि पत्रात त्यांचा उल्लेख 'ज्यूएतर समाज' एवढाच. १९३६ ते ३९ चा अरबांचा उठाव ब्रिटिशांनी मोडून काढला. तो मोडायला सल्लागार म्हणून आणले चार्ल्स टेगार्ट, आधीचे कलकत्त्याचे पोलीस कमिशनर. बंगालच्या क्रांतिकारकांवर घडलेला हा अधिकारी इथे काँक्रीटचे पोलीस किल्ले बांधून गेला. तेल अवीवहून जेरुसलेमला येताना लातरूनला त्यातला एक मी पाहिला होता. कुणाचा हे तेव्हा माहीत नव्हतं. १९४५ चे ब्रिटिशांचे आणीबाणीचे नियम तर अजून वापरात आहेत. त्यातल्या ११९ व्या नियमाखाली आरोपीच्या कुटुंबाचं घर आजही पाडलं जातं.

हे ऐकताना मला पुणे आठवत होतं. १८९७ मध्ये नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय डांबलं होतं. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. शाळेत आम्ही चापेकरांवर निबंध लिहिले, हुतात्मा म्हणून. त्या रात्री आयर्स्ट नावाचा आणखी एक अधिकारी मारला गेला, तो आमच्या निबंधांत कधी आला नाही.

सिस्टर एका गोष्टीपर्यंत पोहोचल्या होत्या जिथे मी पोहोचू शकले नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या देशाने हे सगळं केल्यावर यांनी कसं लढावं यावर बोलायचा मला काहीही हक्क नाही. कशावरच नाही." त्यांची लाज खरी होती, तिच्याविषयी मला आदर आहे. पण मी वाद घातला. दुसऱ्या इंतिफाद्यात जेरुसलेमच्या बसमध्ये, कॅफेत फुटलेले बॉम्ब. त्यात गेलेल्या शाळकरी मुलांचा वसाहतीशी काय हिशेब होता? आपण बोलायचं नाही असं ठरवलं, तर त्या मुलांसाठीही कुणी बोलणार नाही. आणि पॅलेस्टिनी माणसाकडून माणुसकीची अपेक्षाच ठेवायची नाही, हाही त्याला कमी लेखण्याचाच प्रकार झाला.

अम्मो खालच्या फांद्या छाटत होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसमधल्या मुलाला मारणं पाप आहे. मी माझ्या मुलाला हे सांगितलंय. त्याने ऐकलं, कारण चेकनाक्यावर मी त्याच्याच रांगेत उभा असतो."

गांधीजींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये लिहिलेला लेख मी परतल्यावर पुन्हा वाचला. इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाइन अरबांचं, हे त्यातलं वाक्य सगळे सांगतात. त्याच लेखात पुढे ते म्हणतात की अरबांच्या अत्याचारांचं मी समर्थन करत नाही, त्यांनी अहिंसेचा मार्ग निवडला असता तर बरं झालं असतं. पण न्याय-अन्यायाच्या रूढ कसोट्या लावल्या, तर प्रचंड सामर्थ्यापुढे उभ्या राहिलेल्या अरबांच्या प्रतिकाराला नावं ठेवता येत नाहीत. गांधींनी दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहिल्या होत्या. तरी त्यांनी तो प्रश्न आधी राज्यकर्त्यांच्या संगिनींना विचारला आणि मगच अरबांकडे वळले. मी बेत साहूरला नेमकं उलट केलं होतं.

निघायच्या दिवशी जेरुसलेमची बस धरली. नाक्यावर बस थांबली आणि कुणी काही न सांगता तरुण माणसं उठली, खाली उतरली, ओळखपत्रं हातात धरून रांगेत उभी राहिली. म्हातारी माणसं आणि आम्ही परदेशी बसून राहिलो. एक सैनिक आत आला, जेमतेम विशीचा. माझ्या पासपोर्टचं आवरण लांबूनच पाहून त्याने मान हलवली. पान उघडलंही नाही. माझ्या शेजारची विद्यार्थिनी उतरताना पुस्तकांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवून गेली होती. खिडकीतून ती मला दिसत होती. ज्या जमिनीवर तिची रांग होती, तिथे बसून राहायचा हक्क मला दूरच्या एका देशाने छापून दिला होता. ती परत आली, "शुक्रन" म्हणाली, पिशवी घेतली आणि पुस्तक उघडून वाचू लागली.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेली. त्यानंतर गाझात मारल्या गेलेल्यांचा तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा आकडा ६०,००० च्या पुढे गेला. त्या शनिवारी सकाळी मी पहिला निरोप अम्मोंना पाठवला आणि दुसरा काय पाठवावा हे मला सुचलं नाही. सिस्टर आता प्रवास करू शकत नाहीत, पण दर ऑक्टोबरला त्यांचा फोन येतो. आमचा तो वाद अजून संपलेला नाही.

अम्मो फार लिहीत नाहीत. २०२३ च्या सुगीत त्यांचा निरोप आला की लष्कराने परवानग्या रद्द केल्या, खालच्या तीन तालींत जाता आलं नाही. २०२४ मध्ये पुन्हा तेच, आणि सोबत लांबून, कुंपणाच्या अलीकडून काढलेला झाडांचा फोटो. तारखेसकट. त्यांच्या पुढच्या निरोपाची वाट पाहताना मी बोटं मोजत होते. ती सुगी तिसरी होती.