दहा मीटर वाळू

जमिनीखालचं तेल कसं सापडतं, असं घरी कुणी विचारलं की मला मेहसाण्याचा तो हंगाम आठवतो. एम.एस्सी. झाल्यावरचं माझं पहिलंच फील्ड. नोव्हेंबरात आमची सिस्मिक पार्टी उत्तर गुजरातेत उतरली. चहूकडे एरंडा, जिरं, मोहरी आणि शेतांमधून संथपणे माना हलवणारे तेलाचे पंप.

काम सांगायला सोपं आहे. वीसेक मीटर खोल भोक पाडायचं, तळाशी स्फोटकं ठेवायची आणि जमिनीवर काही किलोमीटर जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारी छोटी उपकरणं, पेरायचे. स्फोटाची लहर खाली जाते, प्रत्येक थराच्या सीमेवरून तिचा थोडा भाग परत येतो आणि तो किती वेळानं आला हे मिलिसेकंदांत नोंदलं जातं. सरासरी वेग सेकंदाला २५०० मीटर धरला, तर २ सेकंदांनी (एक जायला, एक यायला) आलेला प्रतिध्वनी अडीच किलोमीटर खोलीवरचा. यात तेल दिसत नाही, फक्त थरांचे बाक दिसतात. वर शेलचं, म्हणजे घट्ट चिखली खडकाचं, झाकण आणि खाली सच्छिद्र वालुकाश्म असा उंचवटा मिळाला, तर तेल तिथे अडकलेलं असण्याची शक्यता. समुद्रातलं मुंबई हाय हे तेलक्षेत्रसुद्धा आधी अशा सर्वेक्षणातच दिसलं होतं. तेल लागलं ते १९७४ मध्ये, सागर सम्राट या खोदकाम करणाऱ्या रिगनं विहीर खोदल्यावर.

पहिल्याच आठवड्यात रेकॉर्डिंग व्हॅनच्या पडद्यावर एक चॅनेल, म्हणजे एका जिओफोनची रेघ, सारखा थरथरत होता. मला पाहायला पाठवलं. आमचे मुकादम नंदुरबारकडचे, सगळे त्यांना दादा म्हणायचे. ते माझ्यासोबत आले. जिओफोन नांगरलेल्या भुसभुशीत मातीत तिरका उभा होता आणि एरंड्याचं एक पान वाऱ्यानं त्याला घासत होतं. दादांनी चार बोटं माती उकरली, ओल लागली तिथे जिओफोनचा खिळा पुरता दाबला आणि पान मोडून बाजूला टाकलं. "साहेब, पान लागलं तरी वाजतं हे." अडीच किलोमीटर खालच्या खडकाचा आवाज या हातांवर अवलंबून असतो, हे मला कुठल्याच वर्गात शिकवलं गेलं नव्हतं.

माझ्याकडे अपहोलचं काम होतं. वरचा कोरडा, सैल थर लहरीला फार रखडवतो: कोरड्या वाळूत वेग ५०० मीटरच्या आसपास, खालच्या ओल्या घट्ट मातीत १८००. म्हणून ठरावीक अंतरावर अपहोल, म्हणजे चाचणीची भोकं, घेऊन, त्यांत वेगवेगळ्या खोलीवर डिटोनेटर उडवून या थराची जाडी काढतात आणि तेवढा वेळ वजा करतात. एका लाइनवर, म्हणजे जिओफोनच्या एका रांगेवर, शेजारच्या दोन्ही अपहोलमध्ये वाळू १८ मीटर आली. मधल्या भागातही तेवढीच असणार असं धरून मी ती सरळ जोडली.

सेक्शनचा, म्हणजे थरांच्या उभ्या छेदाच्या चित्राचा, पहिला प्रिंट आला आणि बरोबर मधोमध सुरेख उंचवटा! मी दोन दिवस हवेत होतो. आमच्या सरांनी मात्र पट्टी घेतली आणि वरपासून खालपर्यंत एकेक थर मोजला. "प्रत्येक थर सारखाच १४ मिलिसेकंद वर कसा आला रे? खालच्या रचनेचा बाक प्रत्येक थरात इतका तंतोतंत सारखा नसतो. हा वरचा आहे."

मी ड्रिलिंगवाल्यांची वही काढली. कुठे काय लागलं, रॉड किती वेळात गेला, हे ते रोज पेन्सिलीनं लिहीत. त्या भागातल्या सगळ्या शॉट होलसमोर (स्फोटकांच्या भोकांसमोर) एकच नोंद होती: ८ मीटरनंतर चिकट माती, रॉड हळू. म्हणजे मी १० मीटर वाळू जास्त धरली होती. १० मीटरला ५०० च्या वेगानं २० मिलिसेकंद लागतात, १८०० च्या वेगानं साडेपाच. फरक साधारण तेवढाच, १४. अडीच किलोमीटरवर त्याचा १८ मीटरचा डोंगर झाला होता. वही पहिल्या दिवसापासून कॅम्पमध्येच होती आणि मी ती उघडली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या उंचवट्यावर उद्या कुणीतरी विहीर सुचवली असती.

दुसऱ्या दिवशी दादांसोबत मधोमध नवा अपहोल घेतला. वाळू ८ मीटर भरली. नवा प्रिंट आला तेव्हा थर सपाट होते. तेव्हापासून नव्या लाइनवर अपहोलच्या जागा ठरवण्याआधी मी ड्रिलरशेजारी बसून त्याची वही वाचतो.