प्रेशर वॉशरची वॉरंटी: देवरुख ते कोल्हापूर, माझा अनुभव

प्रेशर वॉशर, म्हणजे जोरदार दाबाने पाणी मारून धुणारं मशीन, घ्यायचा विचार असेल तर किती बार (हे दाबाचं माप) आणि किती वॅट हे नंतर बघा. आधी एवढंच विचारा, की बिघडला तर न्यायचा कुठे आणि तिथे पार्ट मिळतात का. मशीन दुरुस्त होऊन घरी आलंय, छान चालतंय, तरी त्या काउंटरची आठवण झाली की मला अजून राग येतो.

आमचं घर देवरुखजवळ. अंगण जांभ्याच्या चिऱ्यांचं, गडगाही जांभ्याचा. पाऊस सरला की सगळ्यावर काळंहिरवं शेवाळ धरतं. मागल्या दारी आई घसरता घसरता वाचली, तेव्हा ठरवलं की खराटा आणि ब्लीचिंग पावडर पुरे झाली. ऑनलाइन ऑर्डर केली, मशीन घरपोच आलं, त्यात काहीच अडलं नाही. १८०० वॅट, खोक्यावर १३५ बार. हा खोक्यावरचा आकडा कमाल दाबाचा असतो बरं का. प्रत्यक्ष काम करताना मिळतो तो रेटेड दाब, तो कमीच असतो. दोन मशीनची तुलना करायची तर रेटेड आकडे शेजारी ठेवा.

पहिल्याच दिवशी फवारा चिऱ्यावरून फिरवला आणि काळ्या अंगणात हातभर लांब लालभडक पट्टा उमटला. आई पडवीत येऊन बघत उभी राहिली. जांभा मऊ, त्यामुळे नोझल पंख्यासारख्या रुंद फवाऱ्यावर ठेवायचं आणि फूटभर लांब धरायचं. गोल फिरणारं टर्बो नोझल काँक्रीटला ठीक, चिऱ्याला नको. दगड खरवडतो आणि सांध्यातला माल निघून येतो. कौलांवर खालून वर तर कधीच मारू नका, पाणी सरळ कौलाखाली शिरतं.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या वर्षी पावसानंतर मशीन बाहेर काढलं, तेव्हा वॉरंटीचे शेवटचे काही आठवडे उरले होते. ट्रिगर सोडला की मोटर बंद व्हायला हवी आणि बंदच राहायला हवी. ती बंद व्हायची, पण थोड्या वेळाने कुणी हात न लावता क्षणभर गुरगुरून परत गप्प. मग पुन्हा तेच. याचा अर्थ आत अडवलेला दाब कुठूनतरी सुटतोय. गन पाहिली, कोरडी. पाइपाच्या दोन्ही टोकांच्या ओ-रिंगा, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कड्या, पाहिल्या, शाबूत. मग मशीनखाली वर्तमानपत्र पसरलं. पंपाच्या तोंडाखाली बरोबर रुपयाएवढा ओला डाग उमटला आणि बघता बघता पसरला.

कंपनीच्या फोनवर सांगितलं गेलं की या वस्तूसाठी माणूस घरी येत नाही, सेंटरला आणा. सेंटर कोल्हापूरला. मशीन पोत्यात बांधलं, एसटीत पायाशी ठेवलं आणि आंबा घाट चढून गेलो. काउंटरवरच्या मुलाने पोतंही सोडलं नाही. पहिला प्रश्न, "काका, पाणी कुठलं वापरता?"

"विहिरीचं."

"मग वॉरंटीत बसत नाही. विहिरीच्या पाण्याने पंप जातो."

अख्ख्या कोकणात घरटी विहीर आहे. मशीन विकताना पिनकोड टाकून घेतात, तेव्हा कुणी विचारत नाही पाणी कुठलं ते. मी सोबत नेलेलं माहितीपुस्तक उघडून दाखवलं. बादलीतून, टाकीतून पाणी ओढता येतं असं त्यात चित्रासकट छापलेलं आहे. अट एकच, पाणी स्वच्छ हवं आणि जाळी लावलेली हवी. तो म्हणाला, "सिस्टिमला असंच टाकावं लागतं." मी म्हटलं, "टाका. पण मशीन उघडून बघा आणि नाकारायचं कारण जॉब शीटवर, म्हणजे तुमच्या दुरुस्तीच्या कागदावर, लिहून, सही-शिक्का मारून द्या." ते लिहून द्यायला तो तयार होईना. मी जागचा हललो नाही. मागे लोक खोळंबले होते, त्यांच्यातले एक गृहस्थही म्हणाले, "अहो, द्या ना लिहून."

शेवटी आतून मॅडम आल्या. त्यांनी पाणी आत येतं तिथली जाळी काढून उजेडात धरली. स्वच्छ होती, मातीचा कण नव्हता. दर वापरानंतर मी ती धुतो, हे तिथे उपयोगी पडलं. तेव्हा कुठे शीटवर लिहिलं गेलं: पंपातून गळती, वॉरंटीत. तुम्हीही हीच ओळ लिहून घेतल्याशिवाय मशीन ताब्यात देऊ नका. आणि देण्याआधी सीरियल नंबरचा फोटो काढा.

मग सुरू झालं "पार्ट मागवलाय". फोन केला की तेच उत्तर, "वरून आलेला नाही." वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगेना. दिवाळी आली, सगळ्या आळीची अंगणं झाली, आमच्याकडे पुन्हा खराटा. तारीख विचारली तर "सांगू शकत नाही काका". ज्या वस्तूचे पार्ट ठेवत नाहीत ती वस्तू विकतातच कशाला?

शेवटी १९१५ ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. हे कोर्ट नाही, ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. मराठीत बोलता येतं. बिल, जॉब शीट आणि केलेल्या फोनच्या तारखा जवळ ठेवूनच बोला. तक्रार क्रमांक मिळाल्यावर मी तो सेंटरलाही कळवला. सोबत हेही सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, म्हणजे यायचं तर रत्नागिरीला तुम्ही या. आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला दाखल करायची फीसुद्धा नाही. त्यानंतर कंपनीच्या मुख्य कार्यालयातून माझं नाव घेऊन, "सर, सर" करत फोन आला. तोवर न आलेला पार्ट आला. पंपाचा पुढचा भाग पूर्ण नवीन बसवला, पैसे घेतले नाहीत. तिथेच नळाला जोडून, ट्रिगर सोडून, मोटर गप्प राहते हे पुरतं बघितलं आणि मगच सही केली. त्या सहीचा मला अभिमान आहे.

वापराबद्दल राहिलंच. बटण दाबण्याआधी नळ सोडून ट्रिगर दाबून धरा, बुडबुडे संपून सलग धार आली की मगच चालू करा. कोरडा चालला की पंपाची सिलं जातात. काम झाल्यावर आधी मोटर बंद, मग नळ बंद, मग ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडायचा. एक्स्टेंशन लागलंच तर आखूड आणि अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेचं घ्या. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, बारीक तारेवर मोटर नुसती घुमते आणि तापते. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) नसेल तर आधी वायरमनला बोलवा.

रोज गाड्या धुणार असाल तर इंडक्शन मोटरचं घ्या. जड आणि महाग, पण आवाज कमी आणि टिकाऊ. वर्षातून काही वेळा अंगण धुवायला कार्बन ब्रशवाल्या मोटरचं चालतं, फक्त मधे मधे विश्रांती द्या.

पोरांच्या हातात गन देऊ नका, गंमत म्हणूनसुद्धा. जवळून धार लागली तर पाणी कातडीच्या आत शिरतं. बाहेर दिसते टाचणीएवढी जखम, पण तशीच हॉस्पिटल गाठावं लागतं.

आणि बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. वर्षभरात ती अक्षरं उडतात, आणि वॉरंटी मागायला जाल तेव्हा हातात कोरा कागद राहतो.